कोलेस्टेरॉल कमी झाल्याचा आनंद

सासूबाईंचं कोलेस्टेरॉल कधी नव्हे इतकं खाली आलं, तेव्हा तो रिपोर्ट मी शाळेत नेऊन दाखवला होता. मी कुळगावच्या एका शाळेत क्लार्क आहे. माझ्या सासूच्या रक्तात काय सापडतं याचं तिथे कोणाला काही पडलेलं नव्हतं, पण मला सांगितल्याशिवाय राहवेना. सहा वर्षांची मेहनत होती ती माझी.

सहा वर्षांपूर्वी त्यांच्या छातीत दुखलं आणि स्टेंट बसवावा लागला. तेव्हापासून आमच्या अंबरनाथच्या घरात तेल चमच्याने मोजून पडायला लागलं. वाटणातलं सुकं खोबरं गेलं. अंडं केलं की पिवळा बलक काढून पांढरं तेवढं त्यांना. शिवाय रोज कोलेस्टेरॉलची गोळी. सासूबाईंनी कधी कुरकुर केली नाही. तरुणपणापासून रिटायर होईपर्यंत त्या एका कारखान्यात पॅकिंगला होत्या. सुपरवायझरने सांगितलेलं काम जसंच्या तसं करायची सवय अंगात बसलेली. डॉक्टर म्हणजे त्यांच्या लेखी सुपरवायझरच.

मग दोन वर्षांपूर्वी किडन्या गेल्या. शुगर जुनी होती, तिने आतल्या आत आपलं काम केलं होतं. आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस सुरू झालं, उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये. सकाळच्या पाळीला मी त्यांना शेअर रिक्षाने सोडायची आणि तशीच कुळगावला शाळेत कामावर जायची. न्यायला माझा नवरा यायचा. शेजारच्या खाटेवर जीन्सचं दुकान असलेले एक सिंधी काका असायचे. चार तास दोघं शेजारी शेजारी पडून गप्पा मारत, त्या मराठीत, ते हिंदीत. कोणाचं कुठे अडलं नाही.

तिथे गेलं की आधी वजन. दोन डायलिसिसच्या मध्ये लघवी होत नाही, प्यालेलं पाणी अंगातच राहतं, म्हणून वजन वाढतं. हे मला माहीत होतं. सासूबाईंनाही माहीत असेल असं मी धरून चालले होते. टेक्निशियन मुलगी काट्याकडे बघून दर वेळी म्हणायची, आजी, वजन फार वाढतंय, कमी करा. आजी मान हलवायच्या. पुढेपुढे वजन तेवढं वाढेनासं झालं, तिने कौतुक केलं. आणि त्याच सुमाराला कोलेस्टेरॉलचा तो रिपोर्ट आला. मला वाटलं, चला, सगळं मार्गी लागलं.

पुढच्या डायलिसिसला तिथल्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि त्यांचा चेहरा काही खुलला नाही. त्यांनी सासूबाईंच्या दंडाचं मांस चिमटीत धरून पाहिलं, पायावर बोट दाबलं. खळगा पडला आणि तसाच राहिला. मग मला न विचारता त्यांनाच विचारलं, दुपारी काय जेवता?

"अर्धी भाकरी," सासूबाई म्हणाल्या. "कधी तीपण नाही. वजन वाढतं ना."

त्या लपवून काही करत नव्हत्या. उलट आवाजात जरा अभिमानच होता. मी डब्यात ठेवलेलं दुपारचं जेवण त्या कित्येक महिने खालच्या मजल्यावर धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईला देत होत्या. वजन कमी करा म्हणजे पाणी कमी प्या; त्यांनी खाणं कमी करा असा सरळ अर्थ घेतला होता. मी बाजूला उभी होते. डबा रोज रिकामा मिळतोय म्हणून मी खूश होते, हे मला कोणाला सांगता येईना.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. अंगातलं मांस कमी झालं होतं आणि त्या जागी पाणी साठलं होतं, म्हणून काटा जागेवर दिसत होता. ते पाणी हृदयाला ओढायला लागतं. जिना चढताना त्यांना दम लागत होता तो वयाचा नव्हता. आणि कोलेस्टेरॉल उतरलं होतं ते पोटात काही जात नव्हतं म्हणून.

"डायलिसिसच्या माणसाचा हा आकडा असा एकदम खाली आला, की मला आनंद होत नाही, काळजी वाटते," ते म्हणाले.

मी विचारलं, मग गोळी बंद करायची का? ते म्हणाले, नाही, स्टेंट आहे, आधीपासून चालू आहे, चालूच ठेवा. तेवढ्यात काका पलीकडून म्हणाले की मला तर ही गोळी दिलेलीच नाही. डॉक्टर म्हणाले, तुम्हाला आधी नव्हती, आणि डायलिसिस सुरू झाल्यावर नव्याने दिली तर फारसा फायदा दिसत नाही. एका खोलीत, हातभर अंतरावर, तोच आजार, तेच मशीन, आणि एकीला गोळी हवी, दुसऱ्याला नको. मी समजल्यासारखी मान हलवली.

घरी नवा कागद आला. भात चालेल, तेल घाला, पोटभर खा. पोटॅशियम निघून जावं म्हणून भाजी चिरून गरम पाण्यात ठेवा, ते पाणी फेकून द्या. अंडी रोज, पण फक्त पांढरं.

"म्हणजे बलक नकोच," सासूबाई म्हणाल्या.

"नको, पण आता कोलेस्टेरॉलमुळे नाही. त्यात फॉस्फरस असतो, तो आता किडन्या बाहेर टाकत नाहीत म्हणून."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग दोघींना हसू आलं. फोडणीला तेल ओतताना सुरुवातीला माझा हात थांबायचा. त्या पाठीमागून म्हणायच्या, घाल की, डॉक्टरांनी सांगितलंय.

डायलिसिसमध्ये जास्तीचं पाणी हळूहळू काढलं. काही दिवस पायात पेटके येऊन त्या कळवळायच्या. मग दम लागणं कमी झालं, जेवण वाढलं. तीन महिन्यांनी कोलेस्टेरॉल वर गेलेलं निघालं आणि डॉक्टर हसले. सासूबाईंना ते पटलं नाही. इतकी वर्षं वाढलं की ओरडायचे, आता हसतात, असं त्या रिक्षात बसेपर्यंत म्हणत होत्या.

त्यानंतर एका सोमवारी काकांची खाट रिकामी होती. रविवारी घरीच, चहा पिताना त्यांचं हृदय बंद पडलं होतं. सासूबाई चार तास त्या खाटेकडे तोंड करून पडून होत्या. त्यांना एकटं सोडवेना म्हणून त्या दिवशी मी रजा घेऊन थांबले होते. सुई काढल्यावर हातावरचा कापूस दाबून धरत त्यांनी मला विचारलं, "त्यांना गोळी नव्हती म्हणून का गं?"

मी डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, तसं म्हणता येणार नाही. डायलिसिसमध्ये हृदय नेहमीच कोलेस्टेरॉलने तुंबलेल्या रक्तवाहिनीमुळे थांबतं असं नसतं. पाणी, पोटॅशियम, कडक झालेल्या रक्तवाहिन्या, बरंच काही असतं. गोळी असती तरी कदाचित हेच झालं असतं. मी विचारलं, मग आमच्या गोळीचा उपयोग आहे ना? ते म्हणाले, आहे असं धरून चालायचं.

सासूबाईंना हे कसं सांगावं मला कळेना. मी नुसतं म्हटलं, "नाही आई, गोळी नव्हती म्हणून नाही." घरी आल्यावर हातपाय धुऊन बसल्या आणि म्हणाल्या, भात लाव, भूक लागली.