कियान: प्रथमा आणि संबोधन

नातवाच्या बारशाला आमच्या सुदामा नगरच्या घरात मी जे सांगितलं, ते चूक होतं. ऐकणारे अजून ते इतरांना सांगतात, म्हणून हे लिहितो.

मुलगा आयर्लंडमध्ये असतो, सून तिथलीच. मुलगा झाला तर माझ्या वडिलांचं, म्हणजे त्याच्या आजोबांचं, नाव ठेवीन, असं तो स्वतःहून म्हणाला होता. बारशाच्या आदल्या दिवशी मात्र म्हणाला, “बाबा, कियान ठेवतोय. संस्कृतच आहे ना?”

मी जन्मभर शाळेत संस्कृत शिकवलं. राग गिळला आणि व्युत्पत्ती लावली. ‘कियत्’चं पुल्लिंगी प्रथमा एकवचन, कियान्. अर्थ एवढाच, ‘किती?’ मी तो ‘किती थोर!’ असा केला; ‘थोर’ माझ्या पदरचं. आत्याने बाळाच्या कानात कुर्र केल्यावर तेच सगळ्यांना समजावलं. हिंदीभाषक शेजारी म्हणाले, “वा सरजी, मजा आ गया!” पुढे त्यांनी आपल्या नातवाचंही नाव तेच ठेवलं. मुलगा बाजूला उभा राहून हसत होता.

नातू चालायला लागला तेव्हाची गोष्ट. व्हिडिओ कॉल सुरू होता आणि मागून विहीणबाई हाक मारत होत्या, “अ ह्येन!”

“कोणाला बोलावतायत?” मी मुलाला विचारलं.

“त्यालाच. आयरिशमध्ये हाक मारताना नाव बदलतं, बाबा. आपलं संबोधन असतं ना, तसं. कियानचं षष्ठीत केन होतं, आणि हाकेत त्याच ‘के’चा ‘ह्ये’, आधी ‘अ’.”

“म्हणजे नाव आयरिश आहे?”

तो म्हणाला, “हिच्या वडिलांचं. ते नुकतेच गेले होते. तुम्हाला बुरा लागला असता. आणि तुम्हीच इतका छान अर्थ काढलात, मग मी काय बोलणार?”

“तिकडे अर्थ काय?”

“पुरातन. दूरचा, असाही होतो.”

व्याह्यांचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं; ते ठेवलं याचं मला काही नाही. आधी सांगितलं असतं तर कुरकुरलो असतो, पण ठेवू दिलं असतं. माझंच व्याकरण पुढे करून मला फसवलं, ते मनातून जात नाही. शेजाऱ्यांना तर अजून सांगायचंय. त्यांचा मुलगा रोज अंगणात आपल्या पोराला त्याच नावाने हाका मारतो.

माझ्या नातवाला मी नुसतं ‘बाळा’ म्हणतो. परवा मुलगा म्हणाला, “बाबा, तो विचारतो, आजोबांना माझं नाव येत नाही का?”

मी म्हटलं, “फोन त्याच्याकडे दे. कसं म्हणायचं ते त्यालाच विचारतो. तो तरी खरं सांगेल.”