कुत्र्यासाठी ट्रकमधून उतरलेला मुलगा

राज्याच्या सीमेवरच्या नाक्यावर मी चहा पीत होतो. समोर ऊसतोडीला निघालेलं एक कुटुंब ट्रकमध्ये चढलं. त्यांचा आठ-नऊ वर्षांचा पोरगा मांडीवर भटकं कुत्रं घेऊन बसला.

"कुत्रं चालायचं नाही," ड्रायव्हर ओरडला.

पोरगा कुत्र्यासकट खाली उतरला. "मग मीबी येत नाय. मी विहिरीत पडलो तवा यानंच भुंकून माणसं गोळा केली."

'चालायचं नाही' एवढं ऐकून मी आयुष्यात किती जणांचा हात सोडला, ते मला आठवत राहिलं.

ट्रक सुरू झाला, तरी पोरगा जागचा हलेना. तेवढ्यात त्याच्या बापानंच खाली उडी मारली.

"चल पोरा, तिघं चालतच जाऊ."

मग आईही उतरली. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि ट्रकचा मागचा फाळका उघडला.