माझ्या भावाने न घेतलेली दारू

थेंबभर दारू न पिता अख्ख्या मुलुंडात बेवडा म्हणून नाव कमावलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो माझा धाकटा भाऊ. हे नाव त्याला मी मिळवून दिलं. माझी पंच्याहत्तरी उलटली, तरी आमच्या सोसायटीतली जुनी माणसं अजून त्याच्याकडे पाहून गालात हसतात, म्हणून हे लिहितो आहे.

त्याला व्यसन असलंच तर ते स्वतःच्या लिव्हरचं होतं. जयंतीच्या शिबिरात तो रक्त द्यायला गेला आणि मागून रक्तपेढीचा फोन आला, तुमच्या रक्तात हिपॅटायटिस बी आहे. दुसरा कोणी हे मनात ठेवून बसला असता. याने वॉचमनपासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगितलं. डॉक्टरांनी समजावलेलं त्याला तोंडपाठ होतं आणि ऐकणारा रिक्षात एक पाय ठेवून उभा असला तरी तो ते पूर्ण ऐकवायचा: हा विषाणू लिव्हरमध्ये वर्षानुवर्षं गुपचूप राहतो, दुखत नाही, खुपत नाही, आणि पुढे लिव्हर खराब करतो, कॅन्सरही करू शकतो, रोजच्या गोळीने तो दबून राहतो, कॅन्सरचा धोका पुष्कळ कमी होतो, पण पार जात नाही, म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. गोळी उपाशीपोटी घ्यायची आणि पुढचे दोन तास काही खायचं नाही. त्या दोन तासांत तो नेमका लोकांकडे जायचा. समोर पोहे आले की घड्याळ बघून म्हणायचा, "वहिनी, झाकून ठेवा, अजून पाऊण तास आहे," आणि पाऊण तास बसून राहायचा. सोनोग्राफीला जाताना कडक इस्त्रीचा शर्ट, वर अत्तर. "अरे, फोटो आतला काढणार आहेत," मी म्हटलं, तर म्हणाला, "मग आतल्याला पण कळू दे ना दादा, आपण कुठे आलोय ते." आपल्या रक्ताचा दुसऱ्याला त्रास नको म्हणून सलूनमध्ये स्वतःचा वस्तरा घेऊन जायचा. न्हावी एकदा वैतागून म्हणाला, "काका, उद्या खुर्ची पण घेऊन या."

डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं होतं. हा आजार बहुधा आईकडून जन्माच्या वेळी आलेला, तेव्हा सगळ्या भावंडांनी रक्त तपासावं. आम्ही तिघं: घाटकोपरला दिलेली आक्का, मी आणि तो. तो माझ्या मागे लागला आणि नेमकं तेव्हाच माझ्या मुलीचं लग्न जमत होतं. मुलाचे मामा चौकशीला आले. चौकशी काही घरात बसून होत नाही. मामा आधी खाली वॉचमनशी बोलले. वॉचमनला आजाराचं नाव आठवेना, लिव्हर तेवढं आठवलं. मग वर येऊन चहा घेता घेता मामा म्हणाले, "तुमच्या भावाला लिव्हरचं काहीतरी आहे म्हणे. पसरणारं नाही ना?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही हो. थोडी घेतो, दुसरं काय."

मामांचा चेहरा उजळला. "हात्तिच्या. मग आमच्याकडे पण आहेत की दोघं-तिघं."

लग्न ठरलं. मामांनी जाता जाता वॉचमनलाही हे सांगितलं आणि गोष्ट मुलुंडभर झाली. भावाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "निदान भारीतली तरी सांगायचीस, दादा." साखरपुड्यात त्याने कोकमाचं सरबत हातात धरून अशी काही मान डोलावली की मामांनी मला डोळा मारला. पुतणीसाठी त्याने ते सोंग नेटाने वठवलं. पण दर रविवारी विहारात पुढे उभं राहून पंचशील सांगणारा तोच होता, आणि पाचवं शील दारू न पिण्याचं. ते आलं की लोक एकमेकांना कोपराने ढोसू लागले. मग तो मागच्या सतरंजीवर बसू लागला. कारण कोणाला सांगितलं नाही.

माझ्याकडे त्याने एकच मागितलं. "लोकांना काय सांगायचं ते सांग. आक्काला खरं सांग, आणि दोघं तपासून घ्या." मी म्हटलं, लग्न होऊ दे. शेवटी त्याने स्वतःच आक्काला सांगितलं. तिने मला फोन केला. "अरे, हा म्हणतो रक्त तपास. काय भानगड आहे?" आक्काच्या पोटात काही राहत नाही, आणि लग्न तोंडावर. मी म्हणालो, "पिणाऱ्याचं काय ऐकतेस तू." तिने माझं ऐकलं. नारळपाणी घेऊन ती मुलुंडला आली, त्याचा हात आपल्या डोक्यावर ठेवून दारू सोडायचं वचन घेतलं, आणि नंतर घाटकोपरभर सांगत फिरली की धाकट्याची मी सोडवली. लग्न झालं, नातू झाला, खरं सांगायचं राहत गेलं.

काही वर्षांनी आक्काचं पोट फुगू लागलं. लिव्हरमध्ये मोठी गाठ निघाली, आणि रक्तात तोच विषाणू. डॉक्टर म्हणाले, वेळेवर गोळी चालू झाली असती तर कदाचित गाठ झालीच नसती. झाली असती तरी सोनोग्राफीत लहान असताना सापडली असती. मग त्यांनी विचारलं, "घरात आणखी कोणाला आहे?"

"मला," भाऊ म्हणाला.

आक्का उशीवरून त्याच्याकडे बघत राहिली. "म्हणजे तू तेव्हा खरं बोलत होतास? पीत नव्हतास तू?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मला एक वाक्य बोलायचं होतं. मी खिडकीकडे तोंड केलं. मागून त्याचा आवाज आला, "आजार पण होता गं, आणि पीत पण होतो. पिणं तू सोडवलंस."

आक्का गेली ती ते समाधान घेऊन. मग मी रक्त तपासून घेतलं. मलाही आहे, गोळी मीही घेतो. मुलीला नाही, तिने लस घेतली. तिच्या सासरी सगळं सांगितलं, तेव्हा मामा एवढंच म्हणाले, "मग ती लस आम्ही पण घ्यायची का?"

हे छापायला देऊ का, म्हणून भावाला विचारलं. त्याने घड्याळात गोळीची वेळ पाहिली. मग म्हणाला, "लोकांना सांग हवं तर. आक्काचं तेवढं राहू दे, दादा. तिने सोडवली, असंच असू दे."

आयुष्यभर मी त्याचं काही ऐकलं नाही. हेही ऐकलेलं नाही.