कुंदामावशीचं पुसलेलं शहर

काकांचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात चहा घेत उभा होतो. "नितीन, कुंदा गेली रे... झोपेतच," एवढंच ते म्हणाले. तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते सांगायलाच हवं, नाहीतर हे लिहिण्यात काही अर्थ नाही. दुःख नंतर आलं. आधी वाटलं की सुटलो... आता तिला ते कधीच कळणार नाही. सख्खी मावशी गेली आणि भाचा म्हणतो, सुटलो! महिना उलटला, तरी त्या क्षणाची लाज गेलेली नाही.

कुंदामावशीनं जबलपूरच्या सरकारी शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलं. निवृत्तीनंतर ती आणि तिचे यजमान, म्हणजे काका, महाराजपूरच्या कॉलनीत राहत. मूलबाळ नव्हतं. दर रविवारी दुपारी मी तिच्याकडे जेवायला असे. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तिचं बाहेर पडणं थांबलं, तेव्हा तिच्या लॅपटॉपवर तो गेम मीच टाकून दिला. दोन-तीन परदेशी मुलांनी मिळून केलेला छोटासा गेम. पुढच्या शतकातलं शहर, सतत पाऊस, गुलाबी-निळ्या पाट्या आणि हात, डोळे काढून त्या जागी यंत्रं बसवून घेतलेली माणसं. आपण ती यंत्रं दुरुस्त करणारी बाई व्हायचं. मावशीला दोन दिवसांत कंटाळा येईल असं मला वाटलं होतं. तिनं आलेखाच्या वहीत त्या शहराचा नकाशा काढायला घेतला!

गेम सुरेखच होता. तिथला साधा नूडल्सवालासुद्धा तुमचं मागचं बोलणं लक्षात ठेवायचा. तुम्ही तुसडेपणा केलात तर पुढच्या वेळी वाटी आपटून ठेवायचा. पण छळायचाही तितकाच. अक्षरं मुंगीएवढी, नकाशाचा पत्ता नाही, आणि छपरांवरून उड्या मारायचा एक भाग असा, की पाय चुकला की अर्ध्या तासाची मेहनत पाण्यात. मी तिथंच हात टेकले होते. मावशी भिंग घेऊन बसायची. "नित्या, ह्या शहरात रस्ता सांगणारं कोणी नाही. आपलं जबलपूर अच्छा, पानवाला तरी सांगतो," असं म्हणायची आणि पुन्हा उडी मारायची. ज्या दिवशी तिनं ती छपरं पार केली, त्या दिवशी घरात शिरा झाला.

छपरांच्या पलीकडे तिला एक म्हातारा नावाडी भेटला. त्याचा यंत्राचा हात निकामी होत चाललेला, आणि मुलगी नदीच्या पल्याड. "ग्वारीघाटच्या नावाड्यांसारखाच आहे, अकडू," मावशी कौतुकानं सांगायची. कितीतरी आठवडे ती त्याचा हात जुळवत होती. मी एकदा हसलो, "मावशी, काहून इतका जीव लावते त्याला?" तर म्हणाली, "अरे, तो माझी वाट पाहून राहिला ना."

गुडघा बरा झाल्यावर एका रविवारी ती आणि काका ग्वारीघाटला नर्मदेची ओटी भरायला गेले. मी लवकर पोहोचलो होतो, शेजाऱ्यांकडून किल्ली घेतली आणि लॅपटॉप उघडला. मला तिचा हेवा वाटत होता. पासष्टीची बाई जिथं पोहोचली तिथं मी पोहोचलो नव्हतो. सुरुवातीपासून पुन्हा बघावं म्हणून मी नवा खेळ सुरू केला. ह्या गेममध्ये एकच खेळ साठवता येतो, नवा सुरू केला की जुना जातो. पडद्यावर तशी सूचना आली होती. मी न वाचताच होकार दाबला. "मावशी, आधी वाच, मग दाब," असं तिला शिकवणारा मी! पाच मिनिटांनी चूक लक्षात आली, तोवर बाहेर स्कूटर वाजली.

"अरे, माझा नावाडी कुठं गेला?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "छोटे गेम असेच असतात मावशी, कच्चे. आपोआप उडतं सगळं." खोटं पक्कं व्हावं म्हणून मी तिच्यादेखत त्या गेमच्या पानावर खरमरीत तक्रार लिहिली. बनवणाऱ्या मुलांनी दुसऱ्याच दिवशी माफी मागितली, रात्रंदिवस दोष शोधतो म्हणाली. नसलेला दोष! मावशी फक्त म्हणाली, "पोरांना इतकं कडक काहून लिहिलं रे? मेहनत केली आहे त्यांनी. चलो, मी बसते परत." त्यानंतर मला तिच्यासमोर घास उतरेना. मी रविवार चुकवू लागलो. कधी सर्दी, कधी पाहुणे... शेवटचे दोन महिने तर फिरकलोच नाही. ती फोन करायची, "भरली वांगी करून राहिले, येतो का?" मी म्हणायचो, पुढच्या वेळी नक्की.

तेरावं झालं, पाहुणे गेले, आणि मी काकांना सगळं सांगून टाकलं. ते पानाला चुना लावत होते. मान वर न करता म्हणाले, "माहीत आहे."

"कसं?" मी विचारलं.

"त्यात सुरुवातीलाच नाव लिहावं लागतं ना? तू स्वतःचं लिहिलं होतं. तिनं त्याच संध्याकाळी पाहिलं. मी म्हटलं, विचारतो त्याला. तर म्हणाली, बिलकुल नाही. शरमेनं यायचं बंद करेल तो."

मी यायचं बंदच केलं होतं. तिनं जे टाळण्यासाठी तोंड मिटून घेतलं, ते मी तिच्या डोळ्यांदेखत केलं, आणि तिनं तेही मुकाट्यानं पाहिलं. "मग खेळली का पुढे?" मी कसंबसं विचारलं. काका म्हणाले, "रोज. तुझंच नाव ठेवून. पुन्हा छपरांपर्यंत पोहोचली होती... पार नाही झाली ह्या वेळी."

त्या मुलांना मी खरं काय ते लिहून कळवलं. त्यांचं उत्तर आलं, तेही नम्रच होतं, मला पुरतं वाचवलं नाही. लॅपटॉप उघडायची हिंमत अजून झालेली नाही.

गेल्या रविवारी मात्र महाराजपूरला गेलो, न कळवता, आणि तेही उशिरा. तीन वाजून गेले होते. काकांचं जेवण झालेलं होतं. ओट्यावर एक वाढलेलं ताट दुसऱ्या ताटानं झाकून ठेवलेलं. मी त्याच्याकडे बघतोय हे पाहून काका म्हणाले, "चार वाजेपर्यंत ठेवायची ती तुझं. दर रविवारी. मग मीच संध्याकाळी खायचो... बस, वरण गरम करतो."