उमरेड रोडवरचा लेटरबॉक्स

माझी आई जिवंत आहे, हे त्या दिवशी उमरेडच्या मशीनला काही केल्या पटेना. वडिलांच्या मागे तिला उमरेडच्या बँकेतून पेन्शन मिळते. त्यासाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो आणि दाखल्यासाठी मशीनवर अंगठा टेकवावा लागतो. आईने अंगठा टेकवला, पदराने पुसून पुन्हा टेकवला. मशीन आपलं लाल दिवाच दाखवत राहिलं. समोर बसलेल्या बाई भल्या होत्या. "आजी, रेषाच उमटून नाही राहिल्या," त्या म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात या, दुसरी मशीन येणार आहे."

उमटतील कशा? घरात हातमाग होता तोवर आईने कांड्या भरल्या. लुगडी विणायचे वडील, आणि मागावर धावणाऱ्या त्यांच्या धोट्यात बसणाऱ्या कांडीवर सूत गुंडाळायची आई. ते सगळं सूत तिच्या अंगठ्याला घासून गेलं. विणकर म्हणून नाव मात्र वडिलांचं. आईला कोणी विचारलं, तर ती स्वतःच सांगायची, "मी घरीच असतो."

त्यात ती शाळेत गेलेली नव्हती. अंगठाबहाद्दर हा शब्द तिने फार ऐकला. मग आजी झाल्यावर साक्षरतेच्या वर्गाला जाऊन सही शिकली, आणि त्या दिवसापासून अंगठा देणं बंद. "मले सही येते," असं काउंटरवरच्या माणसाला ती आधीच बजावायची. पुढे ही मशिनं आली आणि बिचारीच्या नशिबी पुन्हा अंगठाच आला.

नागपूरला परतताना ती गाडीत सारखी अंगठा पदराने पुसत होती. गाडी माझी लेक चालवत होती. वाटेतल्या थांब्यावर चहाला उतरलो, तेव्हा आजीला जरा बरं वाटावं म्हणून लेकीने आपलं खूळ बाहेर काढलं. हे खूळ असलेले लोक कुठेतरी एक डबा लपवतात आणि त्याला लेटरबॉक्स म्हणतात. आत एक वही असते. डब्याचा पत्ता इंटरनेटवर कोड्यात सांगायचा. ज्याला सापडेल त्याने वहीत आपला शिक्का मारायचा आणि डबा होता तिथे ठेवून द्यायचा. पत्र नाही, बक्षीस नाही. रिकामटेकडे उद्योग, असं माझं स्पष्ट मत होतं.

या थांब्यावरच्या डब्याचं कोडं होतं, 'दमलात? मग सापडेल.' आम्ही मायलेकी कडुनिंबाखाली, पाटीमागे, हात धुवायच्या नळाशी, सगळीकडे वाकून आलो. चहा पिणारे लोक आमच्याकडे बघत होते. माझं डोकं तापायला लागलं होतं. आई मात्र चहाचा ग्लास घेऊन बुटक्या कठड्यावर टेकली होती.

"काहून वं, कोन्या गवंड्यानं बांधलं हे?" ती करवादली. "वीट हालून राहिली न!"

लेकीने उडीच मारली. विटेखाली प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळलेला डबा होता. वहीत कुणाचा वाघ, कुणाचं संत्रं, कुणाची सायकल.

"आजी, तुला सापडला. आता शिक्का तुझा."

मी उत्साहाच्या भरात लेकीचं शाईचं पॅड पुढे केलं. "आई, अंगठाच लाव न!" म्हटलं आणि जीभ चावली.

आईने ग्लास खाली ठेवला. "नाही देत. त्या मशीनले दिला न सकाळी? काय केलं त्यानं? आता कोनालेच नाही देत मी."

"पण आजी, शिक्का लागतोच," लेक म्हणाली. उमरेडच्या बाजारातली भेंडी पिशवीत होती. चहावाल्याकडून सुरी आणून लेकीने एक आडवी कापली. शाळेत भेंडीचे ठसे सगळ्यांनीच मारलेले असतात. वहीत निळं फूल उमटलं. छान होतं.

"हे भेंडीचं झालं," आई म्हणाली. "पेन आन."

वही मांडीवर घेऊन तिने सही केली. तिच्या सहीत काटछाट नसते. स्वतःचं नाव, माझ्या वडिलांचं नाव, आडनाव, सगळं. अक्षरं एकेक करून आली आणि शेवटी सगळ्यांवर तिने एका दमात रेघ ओढली. माझी छाती अशी फुगली की विचारू नका. ही माझी आई आहे, असं त्या चहावाल्याला जाऊन सांगावंसं वाटलं. खरं म्हणजे सांगितलंही. तो हसला.

लेक वही मिटत होती, तेवढ्यात आईने तिचा हात धरला.

"थांब वं. आजची तारीख टाक त्याच्याखाली."

"तारीख कशाला, आजी?"

"काहून म्हंजे? या दिवशी मी जित्ती होती, हे कुठंतरी लिहून असू दे."