डिझेलची बोट आणि समुद्रात अडकलेला नवरा

रविवारी सकाळी भाऊच्या धक्क्यावर डॉक्टरांची वाट बघत उभी होते. बोटीची ही शेवटची ट्रायल होती. आज नाही म्हणाले की विषय संपला.

मी लालबागची. बोटींना इंजिनं बसवून देणाऱ्या एका छोट्या कंपनीत काम करते. नातेवाइकांना वाटतं मी क्रूझवर नोकरीला आहे... वाटू दे, स्थळं चांगली येतात.

डॉक्टर म्हणजे दादरचे दातांचे डॉक्टर. पन्नाशीचा माणूस, पण वेगाचं वेड कॉलेजच्या पोरासारखं. त्यांना हवी होती स्पोर्ट्स बोट, आणि आम्ही दाखवत होतो ती डिझेलवर चालणारी. पहिल्याच भेटीत म्हणाले होते, "मॅडम, स्पोर्ट्स बोटीत डिझेल? रेसच्या घोड्याला बैलाचे पाय लावलेत तुम्ही!"

मी सगळं समजावलं होतं. पेट्रोलची वाफ इंजिनरूममध्ये साठली तर धोका, डिझेलमध्ये ती भीती कमी. तेवढ्याच इंधनात लांब जाते. आणि मुख्य म्हणजे टॉर्क... वजन कितीही असो, इंजिन कमी फेऱ्यांतच जोर लावतं. डॉक्टर मान हलवायचे. 'रोज रात्री ब्रश करतो' म्हणताना पेशंट हलवतात ना, अगदी तशी.

तर आले. पांढरेशुभ्र बूट, गॉगल. आमचा चालक रमाकांत, मूळचा मालवणचा, त्याने बोट बाहेर काढली आणि मस्त पळवली. डॉक्टर म्हणाले, "ठीक आहे."

मराठी माणसाच्या 'ठीक आहे'चा अर्थ मला कळतो हो...

परत फिरतोय, तेवढ्यात दूर एक लाँच दिसली. झेंडूच्या माळांनी सजवलेली, वर बेंजो वाजतोय आणि माणसं हात हलवून नाचतायत. आम्हीही हौसेने हात हलवले. डॉक्टरांनी तर दोन स्टेपही केल्या.

रमाकांत शांतपणे म्हणाला, "म्याडम, ते नाचनत नाय... आपणांक बोलवतत."

जवळ गेलो, तर लाँचमध्ये चक्क नवरामुलगा! डोक्यावर फेटा, कपाळावर मुंडावळ्या आणि शेरवानीवर भगवं लाइफ जॅकेट. खाडीपलीकडच्या उरणचं वऱ्हाड. बाकी मंडळी बसने पुलावरून आरामात हॉलवर पोचली होती. ह्याला मात्र व्हिडिओसाठी समुद्रातून एन्ट्री हवी होती. आता लाँच बंद, माझगावच्या हॉलमध्ये नवरी तयार, मुहूर्त तोंडावर, आणि सासऱ्यांचे फोनवर फोन.

डॉक्टरांनी लाँच चालवणाऱ्या तांडेलाला पहिला प्रश्न काय विचारावा? "इंजिन कुठलं?"

"डिझेल."

डॉक्टरांनी गॉगल खाली करून माझ्याकडे बघितलं. त्या क्षणी मला समुद्रात उडी मारावीशी वाटली...

"इंजिन टकाटक आहे साहेब," तांडेल वैतागून म्हणाला. "पाण्याखालच्या पंख्यात कुणाचं तरी जाळं गुंडाळलंय. दुसरी लाँच बोलावलीय, पण ती कधी येणार?"

मी सुटकेचा निःश्वास सोडतेय, तोवर डॉक्टर ओरडले, "चला, बसा सगळे इकडे!" ट्रायल माझी, बोट कंपनीची, आणि आमंत्रण ह्यांचं.

नवरा आला, त्याची आई आली, करवली आली. मग मामा आले... मामा आले तेव्हा बोट एका बाजूला कलली. आणि गडबडीत बेंजोवाल्यांपैकी एक ढोलकीवालाही ढोलकीसकट आत. सगळ्यांना लाइफ जॅकेट घातली. मामांचं मात्र काही केल्या बांधता येईना, शेवटी दोन पट्टे जोडून गाठ मारली.

डॉक्टर माझ्या कानात म्हणाले, "मॅडम, एवढं वजन उचलेल का?"

"उचलेल ना," मी म्हटलं. मनात म्हटलं, हिशेबात मामा नव्हते...

रमाकांतने लिव्हर पुढे केला. बोटीचं नाक वर गेलं, मागची बाजू पाण्यात बसली. इंजिनाचा आवाज जाड झाला, आणि कुणी खालून ढुशी द्यावी तशी बोट वर उचलली गेली! मग पाणी कापत नाही, पाण्यावरून घसरत निघालो.

नवऱ्याने फेटा दोन्ही हातांनी धरलेला. त्याच्या आईने डोळे घट्ट मिटून डॉक्टरांचं मनगट पकडलेलं, ओठ पुटपुटतायत. मला वाटलं, बाई आता चक्कर येऊन पडणार... रमाकांतला हळू घे म्हणणार, एवढ्यात त्यांनी एक डोळा उघडला. मग दुसरा.

"पोरी, आजून जोरान नाय जात का?"

रमाकांतने माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. पुढे काय झालं ते त्या माउलीच्या शिट्टीने सांगितलं... हो, शिट्टी! दोन बोटं तोंडात घालून! ढोलकीवाल्यालाही राहवेना, त्याने धरलेली कड सोडून ढोलकी वाजवायला घेतली.

धक्क्यावर नवरीकडची मंडळी मोबाइल रोखून झेंडूवाली लाँच शोधत होती. नवरा बोटीतून "इकडे! इकडे!" ओरडतोय, बघतंय कोण? व्हिडिओत फक्त मामांची पाठ आली म्हणे. पण मुहूर्त गाठला. आम्हालाही हात धरून जेवायला बसवलं, आणि पंगतीत डॉक्टर मामांना टॉर्क समजावत होते. शब्दन्‌शब्द माझे!

दुसऱ्या दिवशी फोन आला. "मॅडम, डिझेलच. फक्त मागच्या सीटला धरायला एक मजबूत दांडा लावा. माझ्या आईसाठी."

मी विचारलं, "त्यांना आवडतं का बोटीत?"

"माहीत नाही हो. कधी विचारलंच नव्हतं. काल विचारलं, तर म्हणाली, कपडे कुठले घालू?"

कोणाला काय झेपेल हे आपणच परस्पर ठरवून टाकतो ना... एकदा विचारून बघायला हवं.