नव्वद अंशांवर नऊ नंबर

रोज सकाळी आठ वाजता, चिकोरीच्या कॉफीचा पहिला घोट घेण्याआधी, ओदील देलप्लांक अकरा जाळीच्या पिशव्या लाकडी बाकावर ओळीने मांडायची आणि प्रत्येकीची पिन बोटांनी चाचपायची. बोटभर लांब पितळी पिन, तिला अडकवलेला नंबराचा बिल्ला. चारपासून पंधरापर्यंत, मधला चौदा सोडून. तो नंबर घेणारी कुणी नव्हती. मग एकेका पिशवीतले कपडे काढून उलटे करायचे आणि यंत्रात टाकायचे. चौतीस वर्षे ती आमच्या बास्केटबॉल क्लबच्या मुलींचे कपडे धूत होती. लीस नदीकाठच्या आमच्या छोट्या गावात दुसरे काही पहिल्या दर्जाचे नव्हते. हा संघ होता.

ती म्हणायची, मुली बोलत नाहीत, कपडे बोलतात. कोण चोरून सिगारेट ओढते, कोण प्रियकराशी भांडून जुन्या टीशर्टात झोपते, हे तिला प्रशिक्षकांच्या आधी कळायचे. तिने प्रत्येकीला एक छोटी निळी पिशवीही दिली होती. पाळीत शॉर्ट्सला डाग पडला तर चिमूटभर मीठ घालून त्या पिशवीत ठेवायचे आणि जाळीत टाकून द्यायचे. कुणी काही बोलायचे नाही. थंड पाण्यात डाग कसा काढायचा ते ओदीलला ठाऊक होते.

त्या वर्षी नोव्हेंबरात नऊ नंबरची निळी पिशवी सलग दुसऱ्या महिन्यात आली नाही.

नऊ नंबर म्हणजे नोलवेन, आमची कर्णधार. एकोणतीस वर्षांची, ब्रेतान्यहून आलेली, चेंडू हातात असला की डोळ्यांनीच माणसे हलवणारी. तिच्या कपाटाच्या दाराला आतून एक कॅलेंडर चिकटवलेले असे. आमच्याकडच्या खेळाडू मूल असेच मागतात: हंगाम मे महिन्यात संपतो, म्हणून मेमध्ये प्रयत्न करायचा, फेब्रुवारी-मार्चमध्ये बाळ, सप्टेंबरात पुन्हा मैदानावर. एकच हंगाम जातो. नोलवेन आणि तिचा नवरा थिबो यांनी असे तीन मे हिशेबाने मागितले आणि तिन्ही कोरडे गेले. चौथ्या वर्षी त्यांनी कॅलेंडर काढून टाकले. आणि दिवस गेले ते भलत्याच महिन्यात. बाळ जूनच्या मध्यावर येणार होते, आणि तीस जूनला नोलवेनचा करार संपत होता.

ओदीलने कपडे घेताना सहज विचारले, "निळी पिशवी हरवली का गं?"

"हरवली नाही," नोलवेन म्हणाली. "लागली नाही."

 मग नोलवेनच्या तोंडावर असे हसू पसरले, की ओदीलने आधी खोलीचे दार लावून घेतले.

"बारा आठवडे होईपर्यंत कुणाला सांगू नकोस, ओदील."

"मी कपडे धुते पोरी, चव्हाट्यावर वाळत घालत नाही."

बाहेर फुटले ते वेगळ्याच रीतीने. आमच्या भाषेत बाईला दिवस जात नाहीत. ती गरोदर 'पडते'. त्यातही 'पडले' आधी येते आणि 'गरोदर' मागून. डॉक्टरांनी खेळ थांबवायला सांगितले तेव्हा नोलवेनने क्लबचे अध्यक्ष फ्लामाँ यांना फोन केला. हे गृहस्थ निवृत्त औषधविक्रेते, डाव्या कानाने कमी ऐकणारे. नेमके त्याच वेळी हॉलमध्ये कुणीतरी सामन्याचा भोंगा तपासत होते. नोलवेन म्हणाली, मी पडले. पुढचा शब्द भोंग्याने खाल्ला. फ्लामाँनी कुठला गुडघा एवढेच विचारले आणि उत्तर न ऐकताच काळजी करू नकोस म्हणून फोन ठेवला. संध्याकाळपर्यंत सूचनाफलकावर लागले: नऊ नंबर, जखमी, गुडघा. दुसऱ्या दिवशी नोलवेनच्या घरी गुडघ्याच्या मलमाच्या सहा नळ्या पोचल्या. चौथ्या दिवशी लात्व्हियाहून इल्झे आली.

जखमी खेळाडूच्या जागी मध्येच आणलेल्या मुलीला आमच्याकडे 'जोकर' म्हणतात. पत्त्यांतल्यासारखा, कुठेही लागणारा.

खरे कळल्यावर सगळा हॉल आठवडाभर हसत होता. माझी गोफ्रची, म्हणजे वॅफलची, टपरी हॉलच्या दारातच, त्यामुळे प्रत्येक जण ती गोष्ट मला नव्याने ऐकवून जाई. फ्लामाँही हसले, पण फलकावरचा शब्द त्यांनी पुसला नाही. लीगच्या कागदावर जखमी आणि निलंबित असे दोनच रकाने आहेत, तिला निलंबित लिहू का, असे त्यांचे म्हणणे. वर म्हणाले, नऊ महिन्यांची जखम तर गुडघ्यालाही होत नाही.

ओदील हसली नाही. जोकरला कुठली जर्सी द्यायची, हे तिला ठाऊक होते. आमच्या क्लबात जर्सी वर्षातून एकदाच, ऑगस्टमध्ये छापून येतात. जोकर आली की जखमी मुलीची जर्सी तिच्या अंगात जाते. आणि अंगात गेलेली जर्सी परत येत नाही, हे कुठेही न लिहिलेले सत्य होते. भांडण होत नाही, कुणी कुणाला काढत नाही. फक्त तू परत येतेस तेव्हा तुझा नंबर दुसरीच्या पाठीवर पळत असतो.

ओदील स्वतः सहा नंबर होती. ही गोष्ट जुन्या हॉलमधली, जिथे छतातून पाणी गळायचे. लेक साबीन चार महिन्यांची झाल्यावर ती बाबागाडी ढकलत सरावाला आली, तेव्हा सहा नंबर घातलेली एक उंच मुलगी उड्या मारत होती. सगळ्या येऊन बाळाला भेटल्या. कुणी वाईट वागले नाही. ओदील स्टँडमध्ये बसली, सराव संपेपर्यंत बाळाला खेळवत राहिली आणि घरी गेली. दोन वर्षांनी तिला धुलाईच्या खोलीची किल्ली मिळाली. पहिल्या दिवशी तिने धुतलेल्या कपड्यांत सहा नंबरही होता.

इल्झेच्या पहिल्या सामन्याच्या आदल्या सकाळी ओदीलने पिशव्या मांडल्या, पिना चाचपल्या, चिकोरी प्याली. मग नऊ नंबरच्या दोन्ही जर्सी, घरची पांढरी आणि बाहेरची हिरवी, यंत्रात टाकल्या आणि काटा तीसवरून फिरवत नव्वदवर नेला. नंतर वाळवणीच्या यंत्रातही टाकल्या, पूर्ण आचेवर. बाहेर आल्या तेव्हा पांढरीला हिरवट झाक आली होती, आकड्यांचे तुकडे निघाले होते, आणि एका पाठीवर नऊची शेपटी गळून नुसते शून्य उरले होते.

फ्लामाँनी जर्सी उजेडात धरली. "ओदील, तुझ्याकडून चूक?"

"वय झालं, मस्यू फ्लामाँ," ओदील म्हणाली.

चौतीस वर्षांत तिने एक मोजासुद्धा हरवला नव्हता. फ्लामाँनी जर्सी परत तिच्या हातात दिली. मग घाईघाईने चौदा नंबर छापून आणला गेला. इल्झेला कुणीतरी गोष्ट सांगितली असावी. ती धुलाईच्या खोलीत आली आणि तिच्या तुटक्या बोलीत म्हणाली, "बरं झालं. दुसरीच्या घामात मला खेळायचं नव्हतं." त्या दिवसापासून चौदाची पिशवीही ओळीत आली.

इल्झे खेळली मात्र झकास. संघ खालच्या दर्जात जाण्यापासून वाचला, तिला पुढच्या वर्षाचा करार मिळाला. जूनच्या अठराव्या दिवशी सेलेस्तीन जन्मली, आणि तीस तारखेला नोलवेनचा करार मुकाट्याने संपला. फुलांचा मोठा गुच्छ आला. सोबतच्या चिठ्ठीत पुढच्या हंगामाबद्दल एक अक्षर नव्हते.

ऑगस्टमध्ये जर्सींची यादी छापखान्यात पाठवायचे काम ओदीलचे. तिने चार ते पंधरा सगळे नंबर लिहिले. नऊपुढे माप लिहिताना जरा थांबली आणि छातीला एक माप मोठे लिहिले. गठ्ठा आला तेव्हा फ्लामाँनी विचारले, हा नऊ कुणासाठी? ओळीत भोक बरे दिसत नाही, असे तिने उत्तर दिले.

आता नोलवेन रोज एकटी पळत होती, नदीकाठाने, पाऊसपाण्यात. तिला परत घ्या म्हणून प्रशिक्षक सांद्रीन हट्टाला पेटल्या होत्या. ऑक्टोबरात शेवटी अध्यक्षांनी मान्य केले: एक महिन्याचा करार, चार सामने, मग बघू. जर्सी कुठून आणायची हा प्रश्न निघाला. ओदीलने कपाटातून घडी काढून बाकावर ठेवली.

पहिल्या तीन सामन्यांत नोलवेनला मिळून अकरा मिनिटे मिळाली. एकदा परगावी खेळताना मध्येच दूध उतरले आणि उरलेला वेळ ती छातीशी टॉवेल धरून बाकावर बसून राहिली.  चौथा सामना आमच्याच हॉलमध्ये होता. रविवार, दुपारचे साडेतीन, समोर शेजारच्या जिल्ह्याचा संघ, आणि वर एकही जागा रिकामी नाही. गोफ्रचे पीठ मध्यंतराआधीच संपले. मी टपरी बंद करून आत घुसले.

सेलेस्तीन बाटलीला तोंड लावत नसे, पण धुलाईचे यंत्र फिरत असले की शांत पडून राही. म्हणून ओदीलने यंत्र रिकामेच फिरवत ठेवले होते. मध्यंतराची पंधरा मिनिटे. नोलवेन धावतच आली, बाकावर बसली, बाळ छातीला लागले. दोन मिनिटांनी दार उघडले आणि सांद्रीनबाई फळा घेऊन आत आल्या, मागोमाग सगळा संघ. "कर्णधार इथे, तर बैठक इथे," त्या म्हणाल्या आणि फळा वाळवणीच्या यंत्रावर टेकवला. घामाघूम अकरा जणी, मधोमध एक बाळ चुटूचुटू दूध पितेय, आणि नोलवेन एका हाताने बाळाचे डोके सावरत दुसऱ्या हाताने दाखवतेय, की समोरच्या संघाची मधल्या जागी खेळणारी ती थोराड मुलगी नेहमी उजवीकडूनच आत घुसते. भोंगा वाजला. बाळ ओदीलच्या खांद्यावर आले, तोंडाला दुधाचा फेस.

शेवटची चार मिनिटे उरली असताना इल्झेची पाचवी, म्हणजे बाद करणारी, चूक झाली. ती बाहेर. आम्ही सात गुणांनी मागे. बाकाकडे जाताना इल्झेने वाटेत, तिच्या जागी उतरणाऱ्या नोलवेनच्या पाठीवर, नेमक्या नऊवर, एक थाप मारली.

त्यानंतर काय झाले ते सलग आठवत नाही. नोलवेनने चेंडू हातात घेतला आणि धावण्याऐवजी हळू केला, इतका हळू की समोरच्या मुली गोंधळल्या. न बघता डावीकडे दिला: दोन गुण. पुन्हा दिला, कोपऱ्यातून तीन. तिने स्वतः एकदाही टोपलीकडे मारला नाही. पायऱ्यांवर लोक उभे राहिले. माझ्या शेजारचा म्हातारा आपली टोपी दाताखाली धरून होता. नोलवेनने एक चेंडू पळवला आणि पुढे टाकला, आणखी दोन. दोन्हीकडून हुकले, अडले, मोफत फेकी झाल्या, आणि अकरा सेकंद उरले तेव्हा आम्ही एका गुणाने पुढे होतो, पण चेंडू त्यांचा.

त्यांची थोराड मधली निघाली. उजवीकडूनच. नोलवेन तिच्या वाटेत जाऊन उभी राहिली, दोन्ही पाय रोवून, हात छातीवर. हटली नाही. धडक अशी बसली की आवाज वरपर्यंत आला, आणि नोलवेन पाठीवर सपाट घसरत गेली.

 खेळाडूंच्या वाटेपाशी ओदील बाळाला घेऊन उभी होती. शेजारी फ्लामाँ, पुढच्या माणसांमुळे त्यांना काही दिसत नव्हते. काय झाले, म्हणून त्यांनी तिची बाही ओढली.

"नोलवेन पडली," ओदीलने त्यांच्या उजव्या कानात सांगितले.

फ्लामाँचा चेहरा उतरला. "पुन्हा?"

तेवढ्यात पंचांची शिट्टी वाजली आणि हात डोक्यामागे गेला. धडक देणारीची चूक. चेंडू आमचा. नोलवेन जमिनीवरूनच हसत होती, आणि अकरा जणी तिला उठवायला धावल्या, त्यांत बाकावरून सर्वांत आधी उठलेली इल्झे. उरलेले सेकंद कसे संपले ते कुणी पाहिलेच नाही. हॉल नुसता गर्जत होता. सेलेस्तीनने भोकाड पसरले आणि ते कुणाला ऐकू आले नाही.

सोमवारी सकाळी आठला फ्लामाँ धुलाईच्या खोलीत आले. असे ते कधी येत नसत. ओदील पिना चाचपत होती. नोलवेनचा करार दोन वर्षांचा करतोय, असे त्यांनी सांगितले, आणि त्यात एक कलम घातलेय, की मूल होणार असेल तर करार तेवढाच पुढे सरकेल. कलमात शब्द कुठला घालायचा, एवढेच त्यांना विचारायचे होते. 'पडणे' नको, असे ओदील म्हणाली. त्यांनी ते लिहून घेतले. जाताना दारात थांबून त्यांनी विचारले, की त्या दोन जर्सी खरेच चुकून का?

ओदीलने त्यांना चिकोरी विचारली. ते बसले, प्याले, पुन्हा विचारले नाही.

मे महिन्यात हंगाम संपला आणि ओदील निवृत्त झाली. साबीनकडे, समुद्राकाठी राहायला जाणार होती. समारंभात तिला चौकटीत घातलेली सहा नंबरची जर्सी दिली. ती घेताना तिने शिवण तपासली. बारा पिना तिने एका डब्यात ओळीने लावून ठेवल्या, निळ्या पिशव्यांची चळत शेजारी, मिठाची बरणी वर. किल्ली नव्या बाईच्या हातात दिली. सगळ्या मुली दारात जमल्या होत्या, नोलवेनच्या कडेवर सेलेस्तीन. आता ओदील काहीतरी बोलेल, असे सगळ्यांना वाटत होते. तिने कोट चढवला, पिशवी घेतली आणि नव्या बाईकडे वळून म्हणाली, "जर्सी उलट्या करून टाकत जा, आणि तीसच्या वर जाऊ नकोस. आकडे सुटतात."